बालमजुरी का टिकते : गिरणीपासून चित्रनगरीपर्यंत

मुलाने केलेले प्रत्येक काम म्हणजे बालमजुरी नव्हे. शाळा सुटल्यावर आईला भाजी निवडायला मदत करणारी मुलगी किंवा सुट्टीत शेतावर बापामागे हिंडणारा मुलगा यांची गणना बालमजुरांत होत नाही. मुलाच्या वयाला, शरीराला किंवा मनाला न झेपणारे, त्याची शाळा तोडणारे किंवा अभ्यास, खेळ आणि झोप यांचा वेळ खाणारे काम म्हणजे बालमजुरी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७३ च्या १३८ क्रमांकाच्या कराराने कामाचे किमान वय सर्वसाधारणपणे १५ ठरवले, विकसनशील देशांना १४ ची मुभा दिली आणि धोक्याच्या कामासाठी १८ ची मर्यादा घातली. १९९९ चा १८२ क्रमांकाचा करार वेठबिगारी, मुलांची विक्री, लैंगिक शोषण, सशस्त्र संघर्षात वापर अशा सर्वांत वाईट प्रकारांविरुद्ध आहे. २०२० मध्ये संघटनेच्या सर्व १८७ सदस्य देशांची त्याला मान्यता मिळाली. भारताने हे दोन्ही करार जून २०१७ मध्ये स्वीकारले.

जगातल्या बालमजुरांची संख्या २००० साली २४.६ कोटी होती. ती २०१६ पर्यंत १५.२ कोटींवर उतरली, २०२० मध्ये १६ कोटींवर चढली आणि २०२४ च्या अंदाजानुसार १३.८ कोटी आहे. यांपैकी ५.४ कोटी मुले धोक्याच्या कामात आहेत. जवळजवळ दोन तृतीयांश बालमजूर सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आहेत. कामाच्या प्रकारानुसार पाहिले तर सुमारे ६१ टक्के शेतीत आहेत. कारखाने, खाणी आणि बांधकाम मिळून उद्योगांचा वाटा १३ टक्क्यांच्या आसपास आहे. बालमजुरी म्हटले की काजळलेल्या कारखान्यातले मूल डोळ्यांपुढे येते, पण बहुसंख्य मुले शेतात, गोठ्यात आणि घरात, बहुतेकदा आपल्याच कुटुंबाबरोबर राबतात. २०२५ पर्यंत बालमजुरी संपवण्याचे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट गाठता आले नाही.

भारतात २०११ च्या जनगणनेनुसार ५ ते १४ वयोगटातील सुमारे एक कोटी मुले काम करत होती. त्यांतल्या ४३.५ लाख मुलांचे ते मुख्य काम होते, म्हणजे वर्षातील सहा महिने किंवा अधिक काळ ती कामावर होती. मुख्य काम करणाऱ्या मुलांच्या संख्येत उत्तर प्रदेशाच्या खालोखाल महाराष्ट्राचा क्रमांक होता. येथे अशी जवळपास पाच लाख मुले नोंदली गेली. देशात कारखानदारी आणि कामगार चळवळ जिथे आधी रुजली आणि सक्तीच्या शिक्षणाची मागणीही जिथून लवकर उठली, त्याच राज्याचा हा आकडा आहे. म्हणून बालमजुरी का टिकते हे समजून घ्यायला महाराष्ट्राचा इतिहास फार उपयोगी पडतो.

गिरण्या आणि पहिले कायदे

मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिली कापडगिरणी उभारायला घेतली. पुढच्या वीस वर्षांत गिरण्यांची रांग लागली आणि कामगारांबरोबर त्यांची मुलेही आत आली. सूत जोडणे, भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या लावणे ही कामे मुलांकडे असत आणि दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी गिरणी कामगारांच्या, विशेषतः बायका-मुलांच्या कामाचे तास मर्यादित करण्याचा आग्रह धरला. मुंबईच्या गिरण्यांशी स्पर्धा करणाऱ्या लँकेशायरच्या मालकांनीही आपल्या स्वार्थासाठी भारतात निर्बंध मागितले. या दोन दबावांतून १८८१ चा कारखाना कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. यंत्रशक्तीवर चालणारे आणि शंभर किंवा त्याहून अधिक कामगार असलेले कारखानेच या कायद्याखाली येत.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी 'दीनबंधु' या वृत्तपत्रातून आणि १८८४ मध्ये स्थापन केलेल्या गिरणी कामगारांच्या संघटनेतून हा प्रश्न पुढे नेला. त्यानंतरच्या १८९१ च्या कायद्याने किमान वय नऊ केले, नऊ ते चौदा वयोगटाला सात तासांची मर्यादा घातली आणि पन्नास कामगारांचे कारखानेही कक्षेत आणले. १९२२ मध्ये किमान वय बारा आणि कामाचे तास सहा झाले. मग एक नवी वाट निघाली : सकाळी एका गिरणीत राबलेले मूल दुपारी दुसरीत जाऊ लागले. १९२६ च्या दुरुस्तीने अशा मुलांच्या पालकांवर दंडाची तरतूद आणली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने कारखान्यातील किमान वय चौदा केले आणि राज्यघटनेच्या २४ व्या कलमाने कारखाने, खाणी व इतर धोक्याच्या कामांत चौदाखालील मुलांना ठेवण्यास बंदी घातली. मोठ्या गिरण्यांतून मुले हळूहळू नाहीशी झाली. संघटित कामगार, तपासणी अधिकारी आणि नोंदवही हे तिघे जिथे होते तिथे कायदा लागू पडला.

कारखान्यातून गाळ्यात

काम मात्र संपले नाही, ते लहान जागी गेले. १९४८ चा कायदा यंत्रशक्ती वापरणाऱ्या दहा आणि न वापरणाऱ्या वीस कामगारांच्या खालच्या जागांना सामान्यतः लागू होत नसे. मुंबईतील मदनपुरा, धारावी, कुर्ला, गोवंडी येथील पोटमाळ्यांवर आणि गाळ्यांत जरीकाम, पिशव्या आणि चामड्याच्या वस्तू बनवणारे छोटे कारखाने वाढले. बिहारच्या मधुबनी, सीतामढी अशा जिल्ह्यांतून मुले आणली जात. आईबापांच्या हाती आधी काही रक्कम ठेवली जाई. मूल अड्ड्याशी, म्हणजे कापड ताणून बसवलेल्या लाकडी चौकटीशी, सकाळपासून रात्रीपर्यंत वाकून बसे आणि तिथेच झोपे. 'अजून शिकतोय' या सबबीवर मजुरी नाममात्र किंवा मुळीच नसे.

२००५ मध्ये या कारखान्यांवर मोठ्या प्रमाणावर धाडी पडल्या. मुले मोठ्या संख्येने बिहारला परत पाठवली गेली. धाडीच्या भीतीने अनेक मालकांनी स्वतःच मुलांना गाडीत बसवून दिले. पण गावी ज्या कर्जामुळे आणि बेकारीमुळे मूल निघाले होते, ती परिस्थिती तशीच होती. काही मुले पुन्हा शहरात आली, काही दुसऱ्या राज्यांतल्या कारखान्यांत गेली. सुटका झालेल्या मुलाला बालकल्याण समितीपुढे नेणे, बालगृहात ठेवणे आणि घरी पोहोचवणे यासाठी व्यवस्था आहे. मुंबईतील चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ पासून हे काम करते आणि १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली. घरी पोहोचल्यानंतर त्या मुलाचे काय होते, हा दुवा मात्र सर्वांत कच्चा राहिला आहे.

लहान मुलांच्या बारीक बोटांनाच नाजूक काम जमते, असा दावा जरी आणि गालिचा उद्योगांत नेहमी केला जातो. उत्तर प्रदेशातील गालिचा उद्योगाच्या पाहणीत तो टिकला नाही. बारीक गाठींचे कामही मोठी माणसे तितकेच किंवा अधिक चांगले करतात. मुलाला पसंती मिळते ती ते स्वस्त असते, उलट बोलत नाही आणि संघटना करत नाही म्हणून.

ऊस, वीटभट्टी आणि मेंढरे

महाराष्ट्रातील बालमजुरीचा मोठा भाग ग्रामीण आणि हंगामी आहे. दसरा-दिवाळीनंतर बीड, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. तोडणीची जोडी, म्हणजे सहसा नवराबायको, 'एक कोयता' म्हणून धरली जाते आणि मजुरी टनावर मिळते. मजुरी टनावर असली की कुटुंबातील प्रत्येक हात कामाला लागतो. मोठी मुलगी कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, राहून धाकट्या भावंडांना सांभाळते, पाणी भरते, भाकरी करते. दहा-बारा वर्षांचा मुलगा वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करतो, मोळ्या बांधायला हात लावतो. मुकादमाच्या वहीत त्यांचे नाव नसते. शाळेचे दुसरे सत्र मात्र पूर्ण बुडते आणि दोन-तीन हंगामांनंतर शाळा कायमची सुटते.

ठाणे, पालघर आणि रायगडमधील वीटभट्ट्यांवरही हीच रीत आहे. तिथे उचल घेऊन जाणारी अनेक कुटुंबे कातकरी समाजाची असतात आणि मजुरी हजार विटांच्या हिशेबाने मिळते. कच्च्या विटा उलटवणे आणि वाहणे ही कामे मुले करतात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, तरी उचल न फिटल्याने पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मालकाकडे जावे लागणे हे तिचेच रूप आहे. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात एका कातकरी मुलीच्या मृत्यूनंतर उघड झाले की थोड्या पैशांच्या आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मुले मेंढपाळांकडे राबायला दिली जात होती. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर, शिक्षणहक्क कायदा लागू होऊन बारा वर्षे झाल्यावर हे घडत होते.

दिंडोशी : घर आणि चित्रनगरी

शहरी बालमजुरीचे आजचे रूप मुंबईच्या उपनगरांत दिसते. मालाड आणि गोरेगावच्या पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्गापासून राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरापर्यंत दिंडोशी पसरली आहे. एका बाजूला कुरार, अप्पापाडा, पिंपरीपाडा, संतोषनगर अशा दाट वस्त्या आहेत. दुसऱ्या बाजूला समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांच्या चळवळीतून अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांसाठी उभी राहिलेली नागरी निवारा वसाहत, त्यानंतरचे टॉवर आणि चित्रनगरी आहे. अशा ठिकाणी मुलांचे काम कारखान्याच्या दारावर शोधून सापडत नाही.

मालाड हे इमिटेशन दागिन्यांच्या व्यापाराचे मोठे केंद्र आहे. खडे चिकटवणे, मणी ओवणे, साखळीच्या कड्या जोडणे ही कामे व्यापाऱ्याकडून मध्यस्थामार्फत घरोघरी दिली जातात आणि पैसे नगावर मिळतात. घरात बसून आई हे काम करते तेव्हा मूलही शेजारी बसते. दर इतका कमी असतो की एकटीच्या हातांनी दिवसाची कमाई भरत नाही. टनावर ऊस, हजारावर विटा आणि नगावर दागिने : तिन्ही ठिकाणी मोबदल्याची पद्धत एकच आहे आणि तीच मुलांना कामात ओढते.

कायद्याने याच जागी दार अर्धे उघडे ठेवले आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्याने काही ठरावीक धंद्यांतच बंदी घातली होती. २००६ मध्ये घरकाम, ढाबे आणि हॉटेले त्या यादीत आली. २०१६ च्या दुरुस्तीने चौदाखालील मुलांना सर्वच कामांत बंदी केली आणि शिक्षा कडक केली : सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड किंवा दोन्ही. त्याच वेळी दोन सवलती दिल्या. शाळेनंतर किंवा सुट्टीत कुटुंबाच्या व्यवसायात, धोका नसलेल्या कामात मदत करता येईल. आणि बालकलाकार म्हणून काम करता येईल. २०१७ च्या नियमांनी घरच्या मदतीला तीन तासांची मर्यादा घातली आणि संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत ती वर्ज्य ठरवली. पण एका खोलीच्या घरात मुलाने किती वाजता मणी ओवले, हे तपासणारी कोणतीही यंत्रणा नाही. घर कुटुंबाचे असले तरी धंदा बाहेरच्या व्यापाऱ्याचा असतो, हा भेदही व्यवहारात पुसला जातो.

दुसऱ्या सवलतीचा संबंध थेट दिंडोशीशी आहे. गोरेगावची चित्रनगरी राज्य सरकारने १९७७ मध्ये उभारली आणि २००१ मध्ये तिला दादासाहेब फाळके यांचे नाव दिले. फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मध्ये त्यांचा मुलगा भालचंद्र आणि 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये मुलगी मंदाकिनी यांनी काम केले होते. भारतीय चित्रपटात मुले पहिल्या दिवसापासून आहेत आणि त्यांच्याविना बालजीवनावरची कथा सांगता येणार नाही. पण रोज प्रसारित होणाऱ्या मालिका आणि स्पर्धात्मक कार्यक्रम आल्यावर या कामाचे स्वरूप बदलले. चित्रीकरण लांबते, रात्री चालते, दिवे आणि धूर असतात आणि शाळा बुडते. घरातील सर्वाधिक कमाई मुलाची असेल तर त्याला 'नको' म्हणता येत नाही.

२०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय तीन तासांहून अधिक काम देता येत नाही. सलग २७ दिवसांहून अधिक काळ कामावर ठेवता येत नाही. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती असावी लागते. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते आणि मुलाच्या कमाईचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो. इतके तपशीलवार संरक्षण खडे चिकटवणाऱ्या मुलीला नाही. दोन्ही मुले कुटुंबाच्या संमतीने काम करतात. एकाचे काम दिसते, म्हणून त्याचे नियम झाले. दुसरीचे काम घरात झाकलेले राहते, म्हणून ते 'मदत' ठरते.

बालमजुरी का टिकते

पहिले कारण मोठ्यांच्या मजुरीत आहे. कौशिक बसू आणि फाम होआंग व्हान यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या अर्थशास्त्रीय विवेचनानुसार आईबाप मुलाला कामाला पाठवतात ते मोठ्यांच्या कमाईत घर भागत नाही म्हणून. मुले कामाच्या बाजारात उतरली की मजुरांची संख्या वाढते आणि मोठ्यांचे दर आणखी पडतात. त्या पडलेल्या दरामुळे पुन्हा मुलांना पाठवावे लागते. याच कारणाने बालमजुरी हा गरिबीचा परिणाम आहे तसे गरिबीचे कारणही आहे. न शिकलेले मूल मोठेपणी त्याच दराने राबते आणि त्याच्या मुलांवरही तीच वेळ येते.

दुसरे कारण कर्ज आणि संकट. आजारपण, दुष्काळ, कर्त्या माणसाचा मृत्यू अशा वेळी बँक किंवा विमा हाताशी नसतो. उचल देणारा मुकादम असतो. २०२० मध्ये महामारीने रोजगार गेले आणि शाळा बंद झाल्या, तेव्हा असंख्य घरांतली मुले कामाकडे वळली.

तिसरे कारण शाळा. राज्यशास्त्रज्ञ मायरन वायनर यांनी १९९१ च्या आपल्या पुस्तकात दाखवले की भारताइतकेच गरीब असतानाही अनेक समाजांनी सक्तीचे शिक्षण आणले. भारतात ते रखडले, कारण गरिबाच्या मुलाने कामच करावे असे शिकलेल्या वर्गाला वाटत होते. महाराष्ट्राच्या इतिहासात याचा पुरावा आहे. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९११ चे विधेयक फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. देशभरासाठी हा हक्क कायद्याने मिळायला मात्र १ एप्रिल २०१० उजाडावा लागला.

चौथे कारण सामाजिक आहे. उचल घेऊन जाणारी कुटुंबे बहुतांश आदिवासी, दलित, भटक्या-विमुक्त आणि भूमिहीन समाजांतली असतात आणि त्यांच्या मुलाचे राबणे इतरांना स्वाभाविक वाटते. मुलींच्या बाबतीत ही सवय दुप्पट घट्ट आहे. जागतिक अंदाजांत मुलगे अधिक दिसतात, पण आठवड्याला २१ तासांहून अधिक घरकाम करणाऱ्या मुली मोजल्या की ही तफावत उलटते.

पाचवे कारण मागणीची लांब साखळी. आयव्हरी कोस्ट आणि घानामध्ये कोकोच्या शेतीतील बालमजुरी थांबवण्याचे वचन चॉकलेट कंपन्यांनी २००१ मध्ये दिले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या दोन देशांत अशी सुमारे १५ लाख मुले आढळली. शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव वाढल्याशिवाय वचन पाळले जात नाही. साखर आणि दागिने यांचेही गणित हेच आहे.

कशाने हटते

नुसती बंदी किंवा नुसती धाड पुरत नाही, हे मुंबईच्या अनुभवातून दिसले. बांगलादेशातही १९९३ मध्ये अमेरिकी आयातबंदीच्या धास्तीने कपड्यांच्या कारखान्यांतून हजारो मुले काढली गेली आणि त्यांतील अनेक अधिक वाईट कामांत गेली. १९९५ मध्ये कारखानदार, श्रम संघटना आणि युनिसेफ यांचा करार होऊन शाळा आणि विद्यावेतनाची सोय झाली, तेव्हा कुठे मार्ग निघाला. मेक्सिकोने १९९७ पासून मुले शाळेत जात असल्यास आईच्या हाती रक्कम देणारी योजना राबवली. हजेरी वाढली आणि मुलांचे काम घटले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये शिवकाशीच्या आगपेटी-फटाका कारखान्यांच्या प्रकरणात मालकाने प्रत्येक मुलामागे वीस हजार रुपये भरावेत आणि सरकारने कुटुंबातील मोठ्या माणसाला काम मिळवून द्यावे किंवा पाच हजार रुपये घालावेत असा निर्णय दिला. मुलाला सोडवताना घराच्या उत्पन्नाची सोय पाहिली पाहिजे, हे तत्त्व त्यात स्पष्ट झाले. अंमलबजावणी मात्र तोकडी राहिली.

महाराष्ट्राची स्वतःची देणगी म्हणजे मुलाकडे जाणारी शाळा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. वसई परिसरात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. साखर कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा आल्या, गावी थांबणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली आणि स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत सुरू झाली. २०१० नंतर साखरशाळा मागे पडत गेल्या, कारण मुलांनी नजीकच्या नियमित शाळेत जावे असे धोरण आले. उसाच्या फडापासून ती शाळा पुष्कळदा दूर राहिली. ज्या गावात वसतिगृह वेळेवर, म्हणजे टोळ्या निघण्याआधी, सुरू होते तिथे मुले मागे राहतात. ते उशिरा सुरू झाले तर मुले आईबापांबरोबर गेलेली असतात. योजनेचे यश असे महिन्या-पंधरा दिवसांवर ठरते.

या सर्व अनुभवांतून उपायांचा एक क्रम निघतो. मोठ्यांना टनावर किंवा नगावर मिळणारा दर असा हवा की मुलाचा हात न लागता दिवसाची कमाई भरेल. उचलीची नोंद कायदेशीर झाली पाहिजे आणि कर्जाला दुसरा मार्ग मिळाला पाहिजे. शाळा हंगामाच्या वेळापत्रकाशी जुळली पाहिजे, तिथे जेवण आणि दिवसभर मूल सांभाळण्याची सोय हवी, म्हणजे धाकट्यांसाठी थोरल्या मुलीला घरी थांबावे लागणार नाही. घरी दिल्या जाणाऱ्या कामाची जबाबदारी ते काम देणाऱ्या व्यापाऱ्यावर टाकली पाहिजे. सुटका झालेल्या प्रत्येक मुलाची विचारपूस त्याच्या गावी, निदान ते शाळेत स्थिरावेपर्यंत, चालू राहिली पाहिजे. १८८१ पासून कायद्याने ज्या जागी पाऊल टाकले तिथून मुले बाहेर आली आणि काम कायद्याची नजर नसलेल्या जागी सरकले. आता ते कुटुंबात येऊन थांबले आहे, म्हणून यापुढचा उपाय कुटुंबाच्या कमाईपासूनच सुरू करावा लागेल.